भरलेला गिलास

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या बायका आपलं काम नीट करतात का, हे तपासत मी अड्याळकडच्या गावांतून फिरायचो. हातात फॉर्म असायचा. त्यात एक प्रश्न होता : पाणी हाताशी ठेवलेलं आहे का?

एका बाबाजींच्या घरी मी लागोपाठ तीन आठवडे त्यापुढे 'होय' लिहिलं. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलेलं आणि घरात दुसरं कोणी नाही. बाई दिसायची नाही. "आत्ताच दुकानात गेली," ते सांगायचे. खाटेजवळ स्टुलावर पाण्याचा गिलास मात्र काठोकाठ भरलेला असायचा. मला तिचं कौतुकच वाटायचं.

चौथ्या आठवड्यात त्या पाण्यात माशी पडलेली दिसली. मग त्यांचे फाटलेले ओठही दिसले.

"बाबाजी, पाणी काहून नाही पेत?"

"रोवणी सुरू हाय ना. बाई सकाळी गिलास भरून धान रोवाले जाते, चार वाजता येते. मधात पेलो त मोरीत कोण नेते मले?"

माझीच मला चीड आली. तरी मी पेन काढलं तिच्यावर लिहायला. त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं.

"तिचं नाव लिहू नका. माह्या धानाच्या बांधीत तिच्या मायनं जलमभर रोवणी केली. मी तिले कोण्या तोंडानं अडवू?"

मी ते पाणी फेकलं, ताजं भरून आणलं. त्यांनी गिलास ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला.

"साहेब, तुम्ही अजून किती वेळ हाव?"