दहापैकी दोन

डॉक्टरांनी माझ्या बहिणीच्या गुडघ्यात अंगठा रुतवला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "देखा? हँस रही है."

आक्का खरंच हसत होती. साडी गुडघ्याच्या वर धरून, परक्या पुरुषांसमोर, तपासणीच्या टेबलावर बसलेली माझी थोरली बहीण. पाहुणे मुंबईहून आले होते, औषध कंपनीचे. डॉक्टर त्यांना समजावत होते, "इन लोगों का पेन टॉलरन्स ही अलग होता है. चमडी मोटी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचार रे तिला, दहापैकी किती?"

मी पन्नाशी ओलांडलेला. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांना मराठी चांगलं येत होतं. पण ते आमच्या बायकांशी थेट बोलत नसत.

मी विचारलं. आक्का म्हणाली, "बरं हाय."

यावर मी 'दोन' म्हणायचं होतं. नेहमी म्हणत होतो तसं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. मी कामाला होतो ती आनंदनगरची कंपनी बंद पडली होती आणि मी अंबरनाथ पूर्वेच्या या खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून लागलो होतो. तिथं गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही कळायचं नाही. दुसरं कुठलं दुखण्याचं औषध घ्यायला मनाई. दुखणं आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आकडा सातच्या वर गेला, तर त्या बाईला लगेच दुसरं औषध द्यायचं. हा नियम बायकांना समजावून सांगणं माझं काम होतं. सुरुवातीला एकदा घाईघाईत सांगितला. पुन्हा कधी नाही.

त्या बाया उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसायच्या. दिवसभर फरशीवर मांडी घालून, पुढ्यात पँटींचा ढीग. सुट्टी झाली की भिंतीला धरून उठायच्या. त्यांना मीच आणलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी आहे तिथं. घाबरू नका." मी आहे, म्हणूनच त्या आल्या.

आमच्यात समाचाराला आलेल्या माणसाला आजारी माणूस 'बरं हाय' म्हणतो. अंथरुणाला खिळलेला असला तरी. डॉक्टरला 'दुखतंय' म्हणणं म्हणजे त्याच्या औषधाला नावं ठेवणं. आणि मध्ये उभ्या असलेल्या आपल्या माणसाला खाली बघायला लावणं. म्हणून सगळ्या म्हणायच्या, बरं हाय. पण डॉक्टरांना आकडा हवा असायचा. पहिल्या बाईच्या वेळी मी अडखळलो. मग म्हणालो, "दोन." डॉक्टर खूश झाले. तेव्हापासून दोनच. अधूनमधून तीन, खरं वाटावं म्हणून.

"तुझी माणसं गुणी आहेत. कटकट नाही," डॉक्टर म्हणायचे.

हे मी घरी येऊन बायकोला सांगायचो. छाती फुगवून.

मला दिसत नव्हतं असं नाही. एकदा न सांगता आक्काच्या घरी गेलो. नळाजवळ हंडा भरून ठेवलेला. आक्का जमिनीवर बसून त्याला ढकलत होती, आणि त्याच्या मागून स्वतः सरपटत होती. मला बघून थांबली. हसली. "कवा आलास रं?" मी हंडा उचलून आत ठेवला. पुढच्या तपासणीला तिचे दोनच सांगितले.

आणि आता पाहुण्यांसमोर अंगठा तिच्या गुडघ्यात तसाच होता. आक्का समोर बघून हसत होती. तिच्या पाठीमागे टेबलावरची चादर होती आणि ती तिनं मुठीत आवळली होती. मी मागे उभा होतो. मलाच ती मूठ दिसत होती.

"अंगठा काढा," मी म्हणालो.

"काय?"

"अंगठा काढा साहेब. तिला दुखतंय."

"तिला विचारलंय. तुला नाही."

मी आक्काकडे वळलो. "आक्का, इथं बरं म्हणायचं नसतं. सातच्या वर सांगितलं की दुसरं औषध देतात. खरं काय ते सांग."

तिचं हसू गेलं. तिनं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"मग इतके दिस तू काय सांगत व्हतास रं?"

एका पाहुण्यानं विचारलं, "क्या बोल रही है?"

"कुछ नहीं," डॉक्टर म्हणाले. "भाई-बहन का घर का मामला है." मग मला, "उद्यापासून येऊ नकोस."

वस्तीत बातमी पोचली. डॉक्टरला तोंडावर सुनावलं म्हणून लोकांनी पाठ थोपटली. तरुण पोरं वाटेत थांबून जयभीम घालायची. इतकी वर्षं मी ती शाबासकी घेत आलो. गोष्ट अर्धीच सांगत आलो. अंगठ्यापर्यंतची. आक्काच्या प्रश्नाआधी थांबणारी.

दुसऱ्या दिवशी आक्कानं सगळ्या बायांना गोळा केलं आणि दवाखान्यात निघाली. मीही चपला घातल्या. ती म्हणाली, "तू ऱ्हा घरी. आमचं दुखणं आमाला सांगता येतंय."

काहींना दुसरं औषध मिळालं. काहींना 'तुमची चाचणी संपली' म्हणून दारातूनच परत पाठवलं. मागचे आकडे तसेच राहिले. ती गोळी पुढे बाजारात आली का, मला माहीत नाही. औषधाच्या दुकानात कुणी गुडघ्यासाठी गोळी मागितली की मी माझं औषध न घेताच बाहेर पडतो.

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत माझ्याशी बोलायची, जेवू घालायची. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. मला तो रोज ऐकू येतो.

मागच्या महिन्यात शेवंताबाई गेली. त्याच बायांपैकी एक. मी बदलापूरला तिच्या मुलाकडे गेलो. मुलगा शिकलेला, नोकरीला, स्वतःचा फ्लॅट. आईच्या फोटोला हार घालत म्हणाला, "काका, आईनं कधी दुखतंय म्हणून सांगितलं नाही. आमच्या आईला काही दुखायचंच नाही."

अभिमानानं म्हणाला.

डॉक्टर जे पाहुण्यांना सांगत होते, तेच आता हा पोरगा आईच्या फोटोपुढं सांगत होता. हात जोडले आणि जिना उतरलो.

उद्या पुन्हा जाणार आहे. माफी मागायला नाही. माफी त्या बायांनी द्यायची होती, त्याच्या हातात ती नाही. त्याला समोर बसवून सांगणार आहे: तुझ्या आईला दुखत होतं. खूप दुखत होतं. औषध तिथंच, त्याच दवाखान्यात होतं. तिला वेळेत मिळालं नाही, कारण तिचं दुखणं मी दोन सांगितलं.

त्यानं हाकलून दिलं तरी पुढच्या बाईच्या घरी जाईन. तिथंही हेच सांगेन.