मामांच्या व्हॅनमधली ऊब

बंगळुरात राहून गाडीला हिटर हवाच, असा हट्ट धरणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. त्या काळी ह्या गावात भर उन्हाळ्यातही पंख्याची आठवण क्वचित व्हायची आणि हिवाळा एका स्वेटरात भागायचा. अशा गावात हा गृहस्थ डिसेंबर आला की आपल्या जुन्या जर्मन व्हॅनखाली आडवा व्हायचा. मल्लेश्वरमच्या त्यांच्या घरी येऊन कुणी "मामा कुठायत?" विचारलं, तर मामी स्वयंपाकघरातूनच सांगायच्या, "व्हॅनखाली बघा. पाय दिसतील." नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात आलो, लग्नही तिथल्याच एका जुन्या मराठी घरात झालं, आणि बायकोच्या ह्या मामांची माझी पहिली ओळख तळव्यांपासून सुरू झाली.

ती व्हॅन त्यांना मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरकडून मिळाली होती. मामांचं चिकपेटेत कापडाचं दुकान. बायका साड्या निवडत असत तोवर मामा त्यांच्या नवऱ्यांना व्हॅनचं इंजिन समजावून सांगत. इंजिन मागच्या बाजूला, त्यात पाण्याचा थेंब नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. हिटरही त्याच वाऱ्यावर चालतो. धुराच्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याचं आवरण असतं, त्यातून वारा गरम होतो आणि पुढं पायांशी येतो. मामा त्या आवरणाला 'व्हॅनचा स्वेटर' म्हणत. अडचण एवढीच, की त्या जुन्या नळ्या अरुंद, त्यामुळे इंजिनाचा श्वास कोंडायचा आणि चढावर व्हॅनला धाप लागायची. म्हणून मामांनी एके दिवशी ते सगळंच काढून टाकलं आणि मोठ्या तोंडाचा मोकळा पाइप बसवला. मग काय विचारता! व्हॅन चढावर उधळू लागली. तिचा आवाज दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या, पलीकडे जायचा. शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी "अण्णा, स्वल्प हळू" म्हणून हात जोडले, तर मामांना ती दाद वाटली. ह्या भानगडीत हिटर गेला होता, पण बंगळुरात ते कुणाच्या लक्षात येणार?

ते लक्षात आलं उटीच्या घाटात. मामींची थोरली बहीण उटीला एकटीच राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. एका डिसेंबरात अक्का घसरून पडल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि मामी त्यांची सेवा करायला निघाल्या. मामींना संधिवात. गारठा लागला की बोटं आखडून मुठी व्हायच्या. मामांनी घाट असा चढवला, की एकाही बसला पुढं जाऊ दिलं नाही. वर पोचल्यावर शाबासकीच्या अपेक्षेनं त्यांनी शेजारी पाहिलं, तर मामींना दाराची कडी धरता येत नव्हती. सेवेला गेलेल्या मामींना आजारी अक्कांनीच कप तोंडाशी धरून चहा पाजला. ही हकिगत सांगायला मामा नेहमी हसत सुरुवात करायचे आणि चहापाशी आले की उठून व्हॅनकडे जायचे.

परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तो मोकळा पाइप उतरवला आणि व्हॅनला जुना स्वेटर चढवला. आता ऊब आली, पण दम गेला. नळ्या जरा मोकळ्या केल्या की दम यायचा आणि ऊब जायची. अक्का उटी सोडायला तयार नव्हत्या आणि त्यांची तब्येत खालावत चालली होती. "यंदा मला माझे हात घेऊन वर जायचंय," मामी एवढंच म्हणाल्या. त्या वाक्यानं मामांची झोप उडवली.

इथून मामांचे प्रयोग सुरू झाले. थंडीत मामींचं इडलीचं पीठ काही केल्या वर येत नसे. मामांनी एका फेरीत दोन्ही कामं साधायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी पिठाच्या पातेल्याला फडकं बांधायचं, ते हिटरच्या तोंडाशी ठेवायचं, काचा लावून घ्यायच्या आणि तुमकूर रोडवर लांब चक्कर मारून जेवायच्या वेळेला परतायचं. पीठ फुगलं तर ऊब पास. चढ न कुरकुरता पार झाला तर इंजिन पास. "थर्मामीटर खोटं बोलेल, जावईबापू, पीठ नाही बोलायचं," असं त्यांचं शास्त्र होतं. गल्लीतले लोक "काय अण्णा, पीठ हवा खाऊन आलं का?" म्हणून विचारायचे आणि मामा गंभीरपणे उत्तर द्यायचे. रविवारी दुपारी त्यांचं डोकं ठणकायचं. ऊन लागलं असेल म्हणून ते बाम चोळून पडून राहायचे.

एका रविवारी पीठ पातेल्याबाहेर आलं. मामांनी आनंदानं आम्हाला जेवायला बोलावलं. इडल्या कापसासारख्या झाल्या होत्या. पहिला घास घेतला आणि मला मेजेस्टिकच्या बस स्टँडवर उभं असल्यासारखं वाटलं. नव्या जावयानं बोलावं कसं? मी चटणी वाढून घेतली. मामा म्हणाले, "उडीद डाळ जुनी दिसतेय." मामींनी इडली नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"अहो, ही धूर प्यायलीय. आणि तुमचं डोकं रविवारीच का दुखतं हो?"

मामांचा हात थांबला. स्वेटराच्या आतल्या नळ्या गंजून भोकं पडली होती. गरम वाऱ्याबरोबर इंजिनाचा विषारी धूर आत येत होता. "अय्यो," ते हळूच म्हणाले, "मी हिला काचा लावून घाटात नेणार होतो." त्या दिवशी ते व्हॅनखाली गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होते. इतका घाबरलेला माणूस मी आमच्या सासरी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी नळ्यांचा सगळा सांगाडा जे. सी. रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेला. जाड पत्र्याच्या, थोड्या रुंद नळ्या नव्यानं करून घेतल्या, त्यांवर स्वेटर घट्ट बसवला आणि शेवटी मूळचा मुका सायलेन्सर जोडला. तो मोकळा पाइप माळ्यावर गेला. ना पुरता दम, ना पुरती ऊब, पण दोन्ही थोडं थोडं मिळालं. मग कितीतरी रविवार मामा पीठ घेऊन एकटेच फिरले. डोकं दुखायचं थांबलं, इडल्या बिनवासाच्या झाल्या, तेव्हा कुठं त्यांनी मामींना व्हॅनमध्ये बसू दिलं.

उटीला जाताना मी आणि बायको मागच्या सीटवर होतो. व्हॅन घाट चढत होती, पण रमतगमत. बसेस पुढं गेल्या, मालाचे ट्रक पुढं गेले, एका ट्रकच्या क्लीनरनं तर आम्हाला टाटा केला. मामा ताठ मानेनं समोर बघत राहिले. पायांशी कोमट वारा येत होता आणि मामी बोलत होत्या. अक्कांनी लहानपणी त्यांना कडेवर घेऊन शाळेत कसं नेलं, लग्नात स्वतःची पैठणी त्यांना कशी दिली, सारं त्या घाटभर सांगत होत्या. मामा मधूनच म्हणायचे, "हे मला ठाऊक नव्हतं."

वर पोचल्यावर मामींनी दार स्वतः उघडलं. अंथरुणावर पडून पडून अक्कांच्या केसांचा गुंता झाला होता. मामींनी फणी घेतली, एकेक बट सोडवली आणि वेणी घातली. अक्का डोळे मिटून म्हणाल्या, "पोरी, हात गरम आहेत गं तुझे." मामा उंबऱ्याशी उभे राहून चष्मा पुसत होते.

अक्का पुढच्या पावसाळ्यात गेल्या. त्यानंतर उटीला जायचं कारणच उरलं नाही. मामांचं मन रमावं म्हणून मी एकदा म्हटलं, "मामा, आता तो मोकळा पाइप लावा की परत. बंगळुरात हिटर कशाला?"

"नको हो, जावईबापू," ते म्हणाले. "त्या आवाजात ही इतकी वर्षं शेजारी बसून बोलायची आणि मी नुसती मान हलवायचो."

आतून मामींनी कशासाठी तरी हाक मारली. मामा लगेच उठले.