सुखदेवभाऊंशिवाय भरलेली कॅसेट

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि आता सांगते आहे तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही — रडणाऱ्यांतली मी नव्हेच. जे झालं ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

सुखदेवभाऊ भंडाऱ्याजवळच्या कारध्याचे. घरची धानाची शेती, आणि हातात क्लॅरिओनेट. लग्नाच्या बँडमध्ये वाजवून वाजवून विटले, तेव्हा त्यांनी आम्हा सात जणांचा वाद्यवृंद उभा केला. गाणारा नाही, समोर उभं राहून हातवारे करणारा नाही, सिनेमाची गाणी तर नाहीतच. आपल्याच दंडारीच्या खेळातल्या, धानाच्या रोवणीच्या चाली — पण हळुवार, एकमेकांना ऐकत वाजवायच्या. भाऊ श्वास घेत, आणि त्या श्वासावर आम्ही बाकीचे सुरू होत असू.

मी व्हायोलिन वाजवायची. त्या काळी भंडाऱ्यातल्या पोरीनं पुरुषांसोबत गावोगाव हिंडायचं? वडिलांनी साफ नकार दिला होता. भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "पोरगी तुमची हाये, गुरुजी. पन कान देवानं देल्ला तिले. तो कायले बुजवता?" वडील विरघळले. मग दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्राच — लाखनी, आंबागड, कुठं कुठं गेलो. कधी बैलगाडीत, कधी धानाच्या ट्रकवर. माझ्यावरून कोणी वेडंवाकडं बोललं, तर भाऊ वाद्य पेटीत ठेवून निघायला उठत.

अशा माणसाशी कोणी खोटं बोलतं का? मी बोलले.

ऐंशी साल उलटल्यावर नागपूरच्या एका कॅसेटवाल्यानं आम्हाला बोलावलं. तोवर भाऊंचा दम उणा पडू लागला होता. लांब सुराच्या शेवटी क्लॅरिओनेट चिरकायची. मांडवात ते खपून जाई. लोक भाऊंवर जीव टाकत. पण कॅसेटमध्ये? तिथं ती चिरक कायमची राहिली असती. सगळ्यांना कळत होतं, सगळे गप्प होते. मी भाऊंना सांगितलं, रेकॉर्डिंग पुढं ढकललं. आणि आम्ही त्यांना सोडून सकाळच्या एसटीनं नागपूर गाठलं. त्यांच्या जागा मी व्हायोलिननं भरल्या.

त्याची मला लाज नाही. ती कॅसेट आजही लावून बघा — आमच्या हातून त्याहून चांगलं कधी वाजलं नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

माझा गुन्हा वेगळा आहे.

पुढं लाखनीला, चहाच्या टपरीवर, भाऊंच्या कानावर ती कॅसेट पडली. ते तडक माझ्या घरी आले. चिडलेले नव्हते — तेच तर! म्हणाले, "मस्त वाजवलं तू. पन मले काहून नाई सांगतलं, बाई?"

काय अवघड होतं? भाऊ, तुमचा दम पुरत नाही — इतकंच म्हणायचं होतं. त्यांनी ते सोसलं असतं. एखादी शिवी हासडली असती, आणि उद्यापासून नव्या पोरांना शिकवायला बसले असते. मी म्हटलं, "कॅसेटवालाच म्हने भाऊ, म्हाताऱ्याले आनू नोका."

साफ खोटं. त्या माणसानं तर दारातच विचारलं होतं — क्लॅरिओनेटवाले कुठं आहेत? त्यांचं वाजवणं ऐकूनच तर त्यानं आम्हाला बोलावलं होतं. ते आजारी आहेत, असं त्याला मीच सांगितलं होतं.

भाऊ उलट मलाच समजावू लागले, "जाऊ दे. तू कायले तोंड पाडते? तुहा काय दोष?"

त्यानंतर त्यांनी क्लॅरिओनेट ओठांना लावली नाही. कोणी आग्रह केला तर हसून म्हणत, "नागपूरवाल्याले नाई आवडत."

शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावून घेतलं. खाटेशी बसून मी वाजवलं. पडवीत आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? त्यांना त्रास होईल म्हणून? छट्! त्यांच्या डोळ्यांत माझी जी जागा होती, ती मला शेवटपर्यंत हवी होती.

भाऊ गेले ते त्या निरपराध कॅसेटवाल्याला बोल लावत, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून. त्या हातावर माझा हक्क नव्हता, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी मी डोकं बाजूला घेतलं नाही.