बैलांचे आवतण

कोमट तुपात हळद कालवली की जो वास येतो, त्या वासापासून मी कितीतरी वर्षे दूर पळत आलो. त्यामागची हकिकत सांगायचेही टाळत राहिलो. आता घरात मी एकटाच उरलो आहे. विचारणारे कुणी नाही, म्हणून लिहून ठेवतो.

वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी शाळेत होतो आणि थोरला भाऊ औत हाकायच्या वयाचा. चांदूर बाजारजवळच्या आमच्या घरातून देव्हारा गेला, भिंतीवर क्रूस आला. दादाने मात्र एक गोष्ट सोडली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो बैलांचे खांदे तूप-हळदीने मळायचा आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग तिथेच गोठ्यात डोळे मिटून प्रभूची प्रार्थना करायचा. एकाच ओठांवर दोन्ही शोभत नव्हते, असे कोण म्हणेल? मी म्हणालो!

पुढे मी नोकरीला लागलो, ती वर्षे वाईट होती. पाऊस दगा द्यायचा, कपाशी उभी वाळायची, गावातले गोठे एकामागून एक रिकामे होत गेले. बैल बाजाराला नेणारी माणसे वाटेत कुणाकडे पाहत नसत. दादाने लोकांची शेते वाहून आपली जोडी जगवली. मी शाळामास्तर, वर चर्चच्या मंडळीत वडील म्हणून निवडलेला पंच, आणि आपल्या निर्मळपणाचा मला केवढा अभिमान! पोळ्यानंतरच्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर वाटताना, मी सर्वांदेखत दादाला पंगतीतून उठवले. मूर्तिपूजकाला ही भाकर नाही, म्हणालो.

बाहेर कडुनिंबाखाली तो वहाणा घालत होता. "काहून रे मास्तर, पूजा कोनं केली? वरीसभर संगं राबले, एक दिवस जेवाले बोलावलं. प्रभू गाढवावर बसला तं चालते, अन् मी बैलाले पुरनपोळी देली तं पाप?"

वहिनी पदराआड हसली. तेव्हा मीही हसलो असतो तर? मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम, दादा."

त्याचा आवाज उतरला. "मी जनावराले जेवाले बोलावलं. तुनं भावाले उठोलं."

त्यानंतर तो आमच्या ख्रिस्ती देवळात आला नाही. रविवारी घरीच उपासना करी, त्याची गाणी रस्त्यावरून ऐकू येत आणि मी सायकलचा वेग वाढवी.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याच्या शेवटच्या दिवसांत मी एक दुपार उशाशी बसलो होतो. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्याने विचारले, "मास्तर, काई सांगाचं हाय काय?"

"नाही दादा. औषध घे."

तिसऱ्या दिवशी तो गेला. सांगायचे होते ते एवढेच: दादा, माह्यं चुकलं. त्या भाकरीवर तुहाही हक्क होता. मले माफ कर.