न्हाणीची कडी

डोक्यात रक्त सांडलं तेव्हा मी मेथी निवडत होते. मानेवर मागून कुणी वरवंटा हाणावा तसं झालं, एवढंच मला आठवतं. बाकीचं घरच्यांनी सांगितलेलं. ठाण्याला नेलं, मेंदूभोवती रक्त पसरलं होतं, अर्धं डोकं भादरून ऑपरेशन केलं. घरी आले तेव्हा मी चालत होते, बोलत होते. डावी बाजू तेवढी बधिर राहिली आणि मधूनमधून फिट यायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना विस्तवाजवळ आणि पाण्याजवळ एकटं सोडू नका. चूल सुटली त्याचं मला काही वाटलं नाही. जन्मभर भाकऱ्या थापून झाल्या होत्या. आंघोळ मात्र मला एकटीनेच करायची होती. बाळंतपणं सोडली तर मला कधी कुणी न्हाऊ घातलं नव्हतं.

मुलाने न्हाणीची आतली कडीच काढून टाकली.

"आय, तू आत पडलीस तर लूमच्या आवाजात ऐकनार कोन?"

ते खरं होतं. यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत न्हाणीला लागूनच आहे.

"मग दारपन काढ, गावाला बोलव बघायला," मी म्हटलं.

सुनेने तोड काढली. जुनी साडी दाराखालून आत सरकवली. तांब्या उजव्या हातात लागतो, म्हणून एक टोक माझ्या डाव्या मनगटाला बांधलं. दुसरं तिच्या पायाला. ती बाहेर कोळंबी सोलत बसायची. तिने ओढलं की बधिर हात हललेला दिसायचा, मग मी एकदा ओढायचं, म्हणजे मी ठीक आहे.

"आई, म्हशीगत बांधलंय तुम्हाला," ती म्हणाली.

"म्हैस दूध तरी देते."

असं बरेच दिवस नीट चाललं.

मग एकदा अंगावर तांब्या ओतला आणि डावा हात उडायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिले. हाक मारावी तर तोंड उघडेना. हात साडीला हिसके देत होता आणि बाहेर सुनेला वाटलं, मी चेष्टा करते. "आज लय जोर आलाय," असं ती म्हणाली म्हणे. मी ऐकलं नाही. हिसके थांबेनात तेव्हा तिने दार ढकललं.

शुद्धीवर आले तेव्हा लादीवर होते, डोकं तिच्या मांडीवर. तिच्या हातांना कोळंबीचा वास येत होता. ती रडत होती. मला रडू आलं नाही.

"टॉवेल टाक अंगावर," मी म्हटलं.

 

दुसऱ्या दिवशी सून स्टूल घेऊन आत आली.

"साडी कुठाय?"

"साडी न्हाय आता, आई. मीच हाय."

मला वाटलं होतं मी भांडेन. मी पाटावर बसले. ती पाठ चोळायला लागली. डावीकडे तिचा हात आहे की नाही ते कळत नव्हतं.

"झाली पाठ?" मी विचारलं.

"कवाच झाली."

"मग पानी घाल."