सात चाळीसचा फोन

"मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४. गॅस सिलिंडर आला. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. दिवाळीचा उरलेला चिवडा दोन डब्यांत भरला, एक चंद्रकलासाठी, हेमराज उद्या उमरेडला नेईल. तीन वाजता धनश्री, तिसरी खेप. संध्याकाळी हेमराज जेवायला."

एवढं लिहून प्रेमलताबाईंनी पेनाला टोपण लावलं. उरलेलं दिवस संपल्यावर लिहायचं, ही त्यांची साठ वर्षांची पद्धत. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने शिकवलं होतं, वहीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये. लग्न होऊन त्या विणकरांच्या घरात आल्या तेव्हा सासूने "काय खरडते वं रोज-रोज?" म्हणून थट्टा केली, पण वही सुटली नाही. सुटली ती एकदाच, नवरा, मारोतराव, गेले तेव्हा, तेरा दिवस.

धनश्री याच नंदनवन वस्तीतली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. आधी एका कंपनीत माणसं भरती करायची, आता कोचिंग करते. म्हणजे गणित-इंग्रजीचं नाही, मनात घट्ट बसलेल्या चुकीच्या समजुती सोडवायचं. हेमराजनेच तिला ठरवलं होतं. दर फेब्रुवारीत आई दोन दिवस अन्न सोडते आणि "मीच मारलं त्यांना" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडते, हे त्याला आता पाहवत नव्हतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना धनश्री आली. तिने पिशवीतून कागद काढला. वर प्रेमलताबाईंचंच वाक्य होतं: मी वेळेवर कोणाला सांगितलं नाही, म्हणून ते गेले. खाली दोन रकाने, बाजूचे पुरावे आणि विरुद्धचे.

"काकू, आज हे भरायचं. मनातला विचार खराच आहे का, ते तपासायचं."

"बाजूचं मी सांगते, लिही. आदल्या रात्री सावजी रस्सा मी केला, तोही तिखट. सकाळी छातीत जळजळ म्हणाले, मी सोडा दिला. अकरा वाजता ते मोरीत पडले, तेव्हा हेमराजला फोन केला. तोवर कोणाला काही बोलले नाही. यात समजूत कुठे आली, बाई? हे घडलेलं आहे."

"फोन अकराला केला, हे तुम्हाला स्वतःला आठवतं, की कोणी सांगितलं?"

सांगितलं होतंच. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना नणंदेने, चंद्रकलाने, सगळ्यांदेखत विचारलं होतं, "वैनी, कोनाले सांगतलं काहून नाही वं?" तेव्हा हेमराज खाली मान घालून म्हणाला होता, "आईचा फोन मले अकराले आला." पोटचा मुलगा बोलला म्हटल्यावर त्यांना वेगळं काही आठवेचना. परवाच्या भाऊबीजेलाही चंद्रकला याच खोलीत म्हणाली, "ओवाळायले भाऊच नाही राहिला. येक फोन केला असता वैनीनं, तं आज पाटावर बसला असता." हेमराज समोर होता. मोबाईल बघत चिवडा खात होता.

"त्या दिवशीची वही असेल ना?" धनश्रीने विचारलं.

वह्या कपाटात वर्षवार उभ्या होत्या. २०१३ची तेवढी मागच्या रांगेत, पाठ आत करून. वर्ष संपल्यावर ती त्यांनी पुन्हा उघडली नव्हती, आणि फेब्रुवारीचं ते पान तर कधीच नाही. आज त्यांनी ते काढलं.

"रविवार, १७ फेब्रुवारी. ६.५० यांना छातीत जळजळ, घाम. सोडा दिला. ७.४० हेमराजला फोन. दवाखान्यात नेऊ का विचारलं. म्हणाला, रस्सा भोवला असेल, घाई करू नको, आज रविवार आहे, दुपारी येतो. ८.१५ पोहे केले. यांनी खाल्ले नाहीत."

पुढे पान कोरं होतं.

धनश्री खुर्चीतून उठलीच. "काकू! तुम्ही सांगितलं होतं! अकरा वर्षं उगाच स्वतःला जाळलंत!" विरुद्धच्या रकान्यात तिने मोठ्या आकड्यांत ७.४० लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "आता सांगा, मनावरचा भार दहापैकी किती उरला?"

प्रेमलताबाई त्या रेघांकडे बघत राहिल्या. दोष आपला होता तोवर मुलगा आपला होता. बातमी कळताच पायात चप्पल न घालता धावत आलेला, बापाचं डोकं मांडीवर घेऊन रडलेला. त्या मुलाला हे सारं ठाऊक होतं.

"ज्याला हे पहिल्यापासून माहीत होतं, त्याचं कुठे लिहायचं?"

"कोणाला, काकू?"

त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. धनश्रीने वहीतलं नाव पुन्हा वाचलं. तिचा चेहरा पडला. "आपण… पुढच्या मंगळवारी यावर बोलू," म्हणत ती पिशवी आवरू लागली.

साडेसातला हेमराज आला. "आजचं कसं झालं? बरं वाटून राहिलं ना?"

"बस," म्हणत त्यांनी ताट वाढलं आणि शेजारी वही उघडी ठेवली. त्याने चष्मा लावला, वाचलं. हे काय आहे, असं विचारलं नाही. तिथेच त्यांना जे कळायचं ते कळलं.

"जुनं काहून उकरून राहिली, आई? मी काय मुद्दाम केलं?"

"सकाळचं नाही. तेराव्याला जे बोललास ते मुद्दाम होतं."

"वाटलं, तुले आठवत नाही. मंग राहूनच गेलं."

"अकरा वर्षं राहून गेलं? परवा भाऊबीजेलाही?"

"आत्याले काय सांगत होतो मी? सगळे तोंडात शेण घालतील माह्या."

"माझ्या तोंडात घातलं तेव्हा शेजारीच बसला होतास. लाव आत्याला फोन. माझ्यासमोर सांग."

हेमराजने फोन खिशातून काढला. आत्याचा नंबर काढला. मग परत खिशात टाकला. "त्या पोरीनंच भरवलं हे डोक्यात. तिले म्हण, येऊ नको आता," असं म्हणत तो उठला. ताट तसंच होतं. फाटकाचा आवाज झाला, गाडी सुरू झाली.

प्रेमलताबाईंनी ताट झाकलं, पेनाचं टोपण काढलं आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं:

"हेमराज जेवला नाही. सहा पोळ्या उरल्या. चंद्रकलाचा चिवड्याचा डबा इथेच राहिला."