चार नळ्यांचं पिस्तूल

नॉटिंगहॅममध्ये शशी दिघेला दोन नावांनी ओळखत. मराठी मंडळात तो 'डॉक्टर दिघ्यांचे मिस्टर' होता, आणि हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे बिघडलेली यंत्रं दुरुस्तीला येत, तिथे नुसता 'शॅश'. दोन्ही नावं त्याला माप थोडं चुकलेल्या कोटासारखी बसत. पण देश थंडीचा, कोट काढून ठेवायची सोय नव्हती.

डॉक्टर दिघे म्हणजे अनुराधा, त्याची बायको. भूल देणारी डॉक्टर. नोकरी तिला मिळाली, व्हिसा तिला मिळाला, आणि शशी तिच्यामागोमाग ठाण्याहून आला. पहिल्या हिवाळ्यात त्याला काम नव्हतं. ती ड्यूटीवर गेली की तो बस पकडून कुठेतरी जाई. असाच एकदा जवळच्याच न्यूअर्कच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पोचला. चिखलात मांडलेली टेबलं, फुटके चहाचे सेट, कुणाच्या तरी मेलेल्या काकांची घड्याळं. एका टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर एक पिस्तूल होतं. तळहातात मावेल एवढं, पितळी सांगाड्याचं, समोरून पाहिलं तर चार नळ्या चौकोनात एकमेकींना चिकटलेल्या. दीडशे वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला बनलेलं. शशीनं ते उचललं आणि त्याला कळलं की हे बनवणाऱ्यानं एकही स्क्रू उगाच घातलेला नाही.

"नव्वद पौंड," टेबलामागचा माणूस म्हणाला.

शशीकडे तीस होते, तेही अनुराधाचे. त्यानं वीस पौंडांत एका नळीचं, मोडक्या चापाचं एक पिस्तूल घेतलं आणि घरी आला. पुढची तीस वर्षं त्या एका दुपारतून निघाली.

त्याला बंदुकांचं वेड नव्हतं. त्यानं जन्मात कधी गोळी झाडली नाही, झाडावीशी वाटलीही नाही. या देशात पिस्तूल बाळगणं म्हणजे सरळ तुरुंग. पण ज्यांची काडतुसं आता कुणी बनवत नाही, अशी काही फार जुनी पिस्तुलं शोभेसाठी घरात ठेवता येतात, केवळ शोभेसाठी. रिमफायर पिस्तुलांतली बरीच त्यातली. त्यांचा घोडा काडतुसाच्या मधोमध आपटत नाही, काठावर आपटतो. पुढे जगानं ती पद्धत मोठ्या काडतुसांसाठी सोडून दिली. यंत्र शाबूत राहिलं, त्याचं काम तेवढं निघून गेलं. शशीला ओढ होती ती याची. घोडा अजून मागे जातो, चाप अजून दाबला जातो, आणि काही होत नाही.

नोकरी लागल्यावर त्यानं नव्वद पौंड साठवले. तोवर तसलं पिस्तूल दोनशेला गेलं होतं. दोनशे साठले तेव्हा मुलीच्या, देविकाच्या, दातांना तारा लावायच्या होत्या. मग साडेतीनशे झाले, मग पाचशे. चार वर्षांपूर्वी सरकारनं परवानगीच्या यादीतून काही जुनी मापं काढून टाकली. ज्यांची आवडती मापं गेली ते सगळे उरलेल्या मापांवर तुटून पडले, आणि रिमफायरचे भाव असे चढले की शशीनं लिलावांच्या वेबसाइट पाहणंच सोडून दिलं. ज्यांना पिस्तुलाची मूठ कुठल्या लाकडाची आहे हे माहीत नव्हतं ते लोक आता ती घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत होते. चार नळ्यांचं पिस्तूल त्याच्यापुढे कायम एका हातावर चालत राहिलं. तो थांबला की ते थांबे, तो निघाला की ते निघे.

निवृत्त झाल्यावर नवराबायकोनं एक नियम केला. पेन्शनमधला एक पेनीही पिस्तुलांवर जाणार नाही. नवीन आणायचं तर जुनं द्यायचं. एक आत, एक बाहेर. नियम अनुराधानं सुचवला होता आणि शशीनं लगेच मान्य केला, कारण वाद घालायला जी ताकद लागते ती त्याच्यात उरली नव्हती.

अनुराधा वरच्या मजल्यावरच्या त्या लहान खोलीत जात नसे. झाडायलाही नाही. एका शनिवारी, खूप वर्षांपूर्वी, तिनं पोटात गोळी लागलेल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला भूल दिली होती. ते पोरगं जागं झालं नाही. दर खंडेनवमीला ती पाटावर पूजा मांडायची: तिचा जुना स्टेथोस्कोप, शशीचे स्क्रूड्रायव्हर, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, विळी, एके काळी देविकाचा लॅपटॉप. पिस्तुलं नाहीत. पहिल्या वर्षी शशीनं विचारलं होतं.

"शस्त्रं आहेत ना ती? दिघ्यांच्या घरात शस्त्रांची पूजा होते."

"ती शस्त्रं नाहीत, शशी," ती म्हणाली होती. "त्या माझ्याकडे येणाऱ्या केसेस आहेत."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

यंदा सप्टेंबरात कॉलिनचा फोन आला. कॉलिन हा बर्मिंगहॅमचा म्हातारा विक्रेता, शशीचा जुना ओळखीचा. "शॅश, चार नळ्यांचं आलंय. त्याच बनावटीचं. तुझं ते सहा गोळ्यांचं अमेरिकन आण, वर काही नको. पाच तारखेच्या मेळाव्यापर्यंत थांबतो. पुढे मला थांबता येणार नाही, लोक फोन करून करून जीव खातायत."

सहा गोळ्यांचं अमेरिकन हे शशीकडचं सगळ्यात चांगलं पिस्तूल. भाव चढायच्या आधी, कुणाचं लक्ष नसताना घेतलेलं. पितळेवर दाट तपकिरी साय चढलेली, नळी काळपट जांभळी. जुन्या वस्तूंच्या धंद्यात या सायीलाच पैसे. ती दीडशे वर्षांत एकदाच चढते आणि ती असली की वस्तू खरी. शशीनं ते कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि अनुराधाला सगळं सांगितलं. सायीचं सोडून. ते सांगायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कुठल्याही संग्राहकाला ते सांगावं लागत नाही.

"म्हणजे हे जाणार आता?" तिनं विचारलं.

"हं."

"तीस वर्षं धरून बसलायस त्या चार नळ्यांना. कमाल आहे हं तुझी." ती हे चेष्टेनं म्हणाली, पण बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

खंडेनवमीच्या दिवशी तो डोळे तपासायला गेला होता. परत आला तर घरभर उदबत्तीचा वास.

"आधी हात धू," अनुराधा आतून ओरडली. "आणि मग बघ."

पाटावर सुऱ्या होत्या, विळी होती, स्टेथोस्कोप होता. सुपरमार्केटमधून आणलेली पिवळी शेवंती होती. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेलं, सहा गोळ्यांचं अमेरिकन पिस्तूल. ते लखलखत होतं. पितळ नव्या समईसारखं पिवळं. नळी राखाडी, उघडी, सोललेल्या बोटासारखी.

शशी पाटासमोर बसला. तिला वाटलं नमस्काराला बसला.

"कशानं घासलंस?"

"चिंच आणि मीठ. सकाळपासून लागले होते. नळीला तर काथ्या लावला. अरे, काय घाण होती त्याच्यावर! माझी ताम्हन-पळी कधी इतकी लख्ख निघाली नाही." तिनं हात पुढे केले. बोटं चिंचेनं तांबूस झाली होती, एका नखाखाली काळं. "जातंय ना आपल्या घरातून, म्हटलं नीट जाऊ दे. इतकी वर्षं मी त्या खोलीशी अबोला धरला. आता दोघंच तर आहोत. कशाला?"

शशीनं पिस्तुलाकडे पाहिलं, मग त्या नखाकडे.

"छान झालंय," तो म्हणाला.

हॅरोहून देविकाचा व्हिडिओ कॉल आला. अनुराधानं फोन पाटावर धरला. "ओ माय गॉड, आई, तू केली हे? तो पिस्तूल किती शायनी दिसतो! बाबा, आर यू हॅपी?"

"हो गं," बाबा म्हणाले. "व्हेरी."

रविवारी तो बर्मिंगहॅमला निघाला. ट्रेनमध्ये त्याला नेहमीसारखा घाम फुटला. तपकिरी माणूस, मांडीवर बॅग, बॅगेत पिस्तूल. कायद्यानं सगळं ठीक होतं, पण कायदा समजावून सांगायला माणसाला आधी बोलू द्यावं लागतं. आजवर त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. तरी प्रत्येक प्रवासात तो मनातल्या मनात तेच इंग्रजी वाक्य घोकत असे. आज घोकता घोकता मध्येच थकला आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

कॉलिननं कापड उलगडलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कुणी?"

"बायकोनं. आमचा सण होता."

कॉलिननं उघड्या नळीवरून एकदा बोट फिरवलं. "माझ्या बायकोनं माझ्या आजोबांची युद्धातली मेडलं डिशवॉशरमध्ये घातली होती," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. अजून त्यावर बोलायची मला परवानगी नाही."

शशी हसला. कॉलिन हसला नाही. त्यानं पिस्तूल पुन्हा कापडात ठेवलं, आजाऱ्याला ठेवावं तसं. "याची किंमत निम्म्याच्या खाली गेली, शॅश. मी फुकट देऊ शकलो असतो तर दिलं असतं. वरचे सातशे दे. एकदम नको, दर महिन्याला थोडे थोडे दे. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

सातशे पौंड बँकेत होते. खातं दोघांचं होतं. अनुराधा विचारणार, वर पैसे का द्यावे लागले? आणि मग त्याला उत्तर द्यावं लागणार, आणि ते उत्तर तिच्या तांबूस बोटांपर्यंत जाणार. तीस वर्षांनी ती एकदाच त्या खोलीत गेली होती.

"एकदा हातात देतोस?" शशीनं विचारलं.

कॉलिननं चार नळ्यांचं पिस्तूल त्याच्या तळहातावर ठेवलं. ते अगदी तसंच होतं. वजन तेवढं जास्त वाटलं. मनगटात हल्ली दुखायचं. त्यानं बोटानं पितळावरची साय चाचपली. मागे एक तरुण माणूस फोन हातात धरून थांबला होता, घाई न दाखवता घाई करत. शशीनं पिस्तूल परत केलं.

"राहू दे, कॉलिन."

त्या तरुणानं ते हातातही घेतलं नाही. दोन फोटो काढले, पैसे पाठवले आणि म्हणाला, "बबल रॅप आहे का?"

घरी पोचला तेव्हा अंधार पडला होता. अनुराधानं आमटी गरम करायला ठेवली. त्याची बॅग उघडून तिनं आतलं कापड उलगडलं. तेच पिस्तूल, तसंच पिवळंधमक. मुठीच्या खाचेत थोडं कुंकू राहिलं होतं.

"चार नळ्यांचं कुठंय?"

"विचार बदलला. हे सोडवेना."

ती गॅसपाशी पाठमोरी उभी राहिली. डाव फिरवत राहिली, आमटी उकळून गेली तरी.

"देविकाचा फोन होता दुपारी," ती म्हणाली. "तिनं कुठल्यातरी ग्रुपवर फोटो टाकला होता. लोक म्हणे शिव्या द्यायला लागले. असलं काही घासायचं नसतं म्हणाली." ती वळली. "मला का नाही बोललास?"

"काय बोलणार?"

"काहीही. ओरडायचं. एवढं मोठं घर आहे."

"तू सकाळपासून घासत होतीस, अनू."

ती टेबलाशी येऊन बसली. दोघांच्या मध्ये ते पिस्तूल. दिव्याखाली त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"पुन्हा काळं पडेल का रे?"

"पडेल."

"कधी?"

"होतील दीडशे वर्षं."

तिनं मान हलवली, जणू एखाद्या पेशंटचा रिपोर्ट ऐकला. मग पिस्तूल उचलून सिंकच्या वरच्या खिडकीत ठेवलं, जिथे भांडी धुताना वाफ जाते.

"मग कपाटात नको कोंडूस," ती म्हणाली. "तिथे हवा लागत नाही."

शशीनं ताट पुढे ओढलं. भूक बरीच लागली होती, आणि झोपही.